दमदार रेड वाइन चाखायला शिकताना: बाटली निवडण्यापासून उरलेली टिकवण्यापर्यंत

शिराझ किंवा कॅबर्नेसारखी रेड वाइन पहिल्यांदाच घरी उघडणाऱ्या बहुतेकांची तक्रार एकच असते: कडू आहे, तोंड तुरट झालं, घशाला चटका बसला. यातली बरीचशी तक्रार वाइनची नसतेच. बाटली खोलीच्या ३० अंशांवर उघडलेली असते, ग्लास काठोकाठ भरलेला असतो आणि सोबतीला तिखटजाळ चकणा असतो. शिवाय तोवर अनेकांना रेड वाइन म्हणून ठाऊक असते ती गोव्याची गोड पोर्ट. तिची सवय असलेल्या जिभेला ड्राय रेड, म्हणजे साखर जवळजवळ न उरलेली वाइन, कडूच लागणार.

तुरटपणाची तक्रार मात्र खरी आहे, पण तो या वाइनमध्ये असायलाच हवा. तो कुठल्या प्रकारचा आहे, आंबटपणा आणि अल्कोहोलपासून तो वेगळा कसा ओळखायचा, हे जमलं की पुढचं सगळं सोपं जातं. खालच्या पायऱ्यांचा बहुतेक भर त्यावरच आहे. सुरुवातीलाच एक गोष्ट: महाराष्ट्रात वाइनसाठी किमान वय २१ आहे.

१. बाटली निवडा

दमदार रेड म्हणजे टॅनिन (तुरटपणा आणणारा घटक) भरपूर, अल्कोहोल साधारण १३.५ ते १५ टक्के आणि तोंडात दाट, जड वाटणारी बॉडी. टॅनिन येतं द्राक्षाच्या सालीतून आणि बियांतून, थोडं ओक लाकडाच्या पिंपातून. व्हाइट वाइन करताना रस लगेच चोथ्यापासून वेगळा करतात. रेडचा रस सालींसकट आंबवतात आणि काही दिवसांपासून काही आठवड्यांपर्यंत सालींवरच ठेवतात. द्राक्षाचा मणी लहान आणि साल जाड असेल तर रसाच्या मानाने साल जास्त पडते. मग रंगही गडद आणि टॅनिनही जास्त.

नवशिक्यांनी द्राक्षाच्या जातींच्या या क्रमाने जावं:

- माल्बेक. मूळची नैर्ऋत्य फ्रान्समधल्या काऑरची, पण नाव झालं ते अर्जेंटिनाच्या मेंडोझात. रंग गडद, पण टॅनिन त्या मानाने मऊ. पहिली बाटली मेंडोझाच्या माल्बेकची घ्या.
- शिराझ. फ्रान्सच्या उत्तर ऱ्होन खोऱ्यात हिलाच सिरा म्हणतात. तिथली मिरीच्या अंगाने जाते, ऑस्ट्रेलियातल्या बरोसाची जास्त पिकलेल्या फळाची. नाशिक-दिंडोरी पट्ट्यात चांगली शिराझ सहज मिळते.
- कॅबर्ने सोव्हिन्यों. फ्रान्सच्या बोर्दोतला मेडॉक, कॅलिफोर्नियातलं नापा, चिलीचं मायपो खोरं. आपल्याकडे नाशिक, अकलूज, हम्पी. टॅनिन घट्ट, हिरड्यांवर लगेच जाणवणारं.
- तन्ना. फ्रान्समधलं मादिरां आणि उरुग्वे. हिचं टॅनिन सगळ्यांत आडदांड. आधीच्या तीन पचल्याशिवाय हिच्या वाटेला जाऊ नका.

इटलीतल्या बारोलोची नेब्बिओलो या यादीत मुद्दामच घेतलेली नाही. ती ग्लासात फिकट लालसर दिसते आणि तोंडात कॅबर्नेला मागे टाकते. रंगावरून ताकद ठरवायची नाही, हे शिकवायला तिच्यासारखी वाइन नाही, पण पहिल्या महिन्यात नको.

दुकानात फसायच्या जागा ठरलेल्या आहेत. आपल्याकडे पाटीवर 'वाइन शॉप' लिहिलेलं असलं तरी आतल्या फळ्या व्हिस्कीने भरलेल्या असतात, आणि वाइन कुठेतरी ट्यूबलाइटच्या खाली महिनोन्‌महिने उभी असते. व्हिस्कीला त्या उष्णतेने विशेष काही होत नाही, वाइन मात्र खराब होते. म्हणून बूच असलेली बाटली हातात घेऊन तीन गोष्टी बघा: बूच वर सरकलेलं आहे का, वरच्या पन्नीखालून चिकट ओघळ आलाय का आणि मानेतली पातळी शेजारच्या बाटल्यांपेक्षा खाली गेली आहे का. एकही लक्षण दिसलं तर ती ठेवून द्या. एसी असलेलं आणि वाइनचा खप असलेलं दुकान थोडं लांब असलं तरी तिथूनच घ्या.

लेबलवर द्राक्षं तोडल्याचं वर्षही पाहा. भारतात तोडणी साधारण जानेवारी ते मार्चमध्ये होते, फ्रान्समध्ये सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये. म्हणजे एकाच सालची नाशिकची वाइन बोर्दोच्या वाइनपेक्षा सहा-सात महिन्यांनी मोठी असते. आपल्याकडच्या बहुतेक रेड तीन ते पाच वर्षांत पिण्यासाठी केलेल्या असतात. उकाड्यात ठेवलेली जुनी बाटली 'मुरलेली' म्हणून कोणी गळ्यात मारत असेल तर घेऊ नका. 'रिझर्व्ह' या शब्दालाही भुलू नका. स्पेनच्या रिओहात रेड 'रेसेर्वा' म्हणायची तर ती किमान ३ वर्षं मुरवावी लागते, त्यातलं किमान १ वर्ष पिंपात. अनेक देशांत मात्र हा शब्द उत्पादकाच्या मर्जीवर असतो. बाटलीचं वजन आणि तिच्या बुडातला खोलगट खड्डा यांचा आतल्या मालाशी काही संबंध नाही. फिरकीचं झाकण म्हणजे हलकी वाइन, हा समजही सोडून द्या. आपल्या हवेत ते झाकण उलट सोयीचंच.

२. सामान जमवा

- पातळ काचेचे, वर थोडे निमुळते होत जाणारे ग्लास, प्रत्येक वाइनला एक. चाखण्यासाठीच्या ग्लासाचं आंतरराष्ट्रीय मानक (आयएसओ ३५९१, १९७७) सुमारे २१५ मिलिलिटरच्या ग्लासाचं आहे आणि त्यात ५० मिलिलिटरच ओततात. दमदार रेडला याहून मोठा, ४५०-५०० मिलिलिटरचा ग्लास असेल तर वास जास्त मोकळा होतो.
- बूच काढायचा दुहेरी खाचेचा ओपनर.
- स्वयंपाकघरातला डिजिटल थर्मामीटर. या यादीतली सगळ्यांत कामाची वस्तू हीच.
- रुंद तोंडाचा काचेचा जग. डिकँटर, म्हणजे वाइनला हवा देण्याचं खास भांडं, विकत घ्यायची गरज नाही.
- पांढरा कागद, वही, पेन.
- साधं पाणी आणि साधा पाव. लोणी, लसूण, मसाला काही नको.
- थुंकायला प्रत्येकी एक अपारदर्शक मग.

थुंकायची लाज वाटून घेऊ नका. १४ टक्क्यांच्या वाइनच्या ५० मिलिलिटरमध्ये ७ मिलिलिटर शुद्ध अल्कोहोल असतं. चार वाइन गिळल्या की २८ मिलिलिटर, म्हणजे सुमारे २२ ग्रॅम. तिसऱ्या ग्लासानंतर सगळंच छान लागायला लागतं आणि चाखणं तिथेच संपतं. आणि थुंकलं तरी थोडं पोटात जातंच, तेव्हा गाडीची किल्ली दुसऱ्याकडे द्या.

ग्लास आदल्या दिवशी गरम पाण्याने धुऊन हवेवर वाळवा. भांडी घासायच्या साबणाचा लिंबाळ वास आणि बंद कपाटाचा कुबट वास ग्लासात बसतो, आणि मग तोच वाइनमध्ये 'सापडतो'. चाखायच्या तासभर आधीपासून घरात उदबत्ती, धूप, अत्तर, मोगऱ्याचा गजरा आणि लसणाची फोडणी, सगळं बंद. दात घासून अर्धा तास तरी होऊ द्या. पान, सुपारी, तंबाखू त्या दिवशी नकोच.

३. बाटली थंड करा

'रेड वाइन रूम टेंपरेचरला प्यावी' हे वाक्य युरोपातल्या जुन्या, दगडी, गार घरांमधून आलं. तिथली खोली म्हणजे १६-१८ अंश. एप्रिलमधल्या पुण्यातली किंवा दमट मुंबईतली खोली त्यात बसत नाही.

गरम वाइनमधून अल्कोहोल जास्त उडतं. नाकाला चुरचुर, घशाला चटका, आणि फळाचा वास शिजवलेल्या मुरांब्याच्या वळणाला जातो. फार गार केली, म्हणजे १२ अंशांच्या खाली नेली, तर वास मिटतो आणि टॅनिन अधिक खरखरीत, कडवट लागतं. दमदार रेडसाठी १६ ते १८ अंश योग्य. आपल्या हवेत ती ग्लासात भराभर तापते, म्हणून १५-१६ अंशांवर ओतायला घ्या.

बाटली ३० अंशांच्या खोलीतून थेट उचलली असेल तर:

- फ्रीजच्या खालच्या कप्प्यात साधारण दीड तास.
- बादलीत निम्मा बर्फ, निम्मं पाणी घालून बाटली मानेपर्यंत बुडवली तर १२ ते १५ मिनिटं. नुसता बर्फ घालू नका. पाण्याशिवाय तो बाटलीला नीट भिडत नाही आणि वेळ दुप्पट लागतो.
- फ्रीजरमध्ये ३५-४० मिनिटं, पण मोबाइलवर गजर लावूनच. विसरलेली बाटली गोठते आणि बूच बाहेर येतं.

रात्रभर फ्रीजमध्ये राहिली असेल तर सव्वा-दीड तास आधी बाहेर काढा. वेळेचे हे आकडे अंदाजे आहेत, कारण प्रत्येक फ्रीज वेगळा. म्हणून थोडी वाइन ग्लासात ओतून थर्मामीटर बुडवा.

विश्वास बसत नसेल तर एकाच बाटलीतली थोडी वाइन एका ग्लासात तासभर आधी ओतून टेबलावर ठेवा, आणि नंतर गार केलेली शेजारी ओता. तीच वाइन दोन वेगळ्या किमतींची वाटेल.

४. उघडा आणि हवा लागू द्या

पन्नी ओठाच्या खालच्या कडेने कापा, म्हणजे ओतताना वाइन तिला लागत नाही. स्क्रू मधोमध लावा आणि शेवटचा एक वेढा बाहेर राहील इतकाच आत घाला. पूर्ण आत गेला तर बुचाचा भुगा वाइनमध्ये पडतो. भुगा पडलाच तर घाबरायचं कारण नाही, गाळणीने गाळून घ्या.

नुसतं बूच काढून बाटली तासभर उघडी ठेवण्याचा फारसा उपयोग नाही. मानेतून हवेला मिळणारी जागा रुपयाच्या नाण्याएवढी. वाइन जगात ओता. तरुण, टॅनिनवाल्या कॅबर्नेला किंवा तन्नाला एक ते दोन तास, शिराझ-माल्बेकला अर्धा तास पुरे. तेवढ्या वेळात टॅनिन नाहीसं होत नाही. बंद बाटलीतला गंधकाचा कोंदट वास उडून जातो, फळाचा वास वर येतो, आणि म्हणून सगळंच मऊ वाटतं. जगात ओतण्याआधी एक घोट चाखून ठेवा, म्हणजे फरक कळेल. उन्हाळ्यात जग गार पाण्याच्या पातेल्यात ठेवा, नाहीतर तिसऱ्या पायरीची मेहनत वाया.

पंधरा-वीस वर्षं जुन्या वाइनला हा नियम लागू नाही. ती दिवसभर उभी ठेवा, गाळ खाली बसू द्या आणि अगदी आयत्या वेळी सावकाश ओता. जास्त हवेने तिचा नाजूक वास उडून जातो.

५. बघा, पण लवकर आटपा

ग्लास पांढऱ्या कागदावर तिरका धरा. कडेला जांभळी झाक असेल तर वाइन तरुण, विटकरीकडे झुकली असेल तर वय झालेलं. तीन वर्षांची वाइन तपकिरी दिसली तर ती उन्हाने किंवा हवेने खराब झाली असण्याची शक्यता धरा. ग्लासाच्या आतून उतरणारे ओघळ अल्कोहोल आणि पाणी यांच्या वेगवेगळ्या वेगाने उडण्यामुळे तयार होतात. ते दर्जाचं लक्षण नाही, कोणी कितीही कौतुकाने दाखवले तरी.

इथे रेंगाळू नका, कारण डोळे नाकाला फसवतात. २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या बोर्दोतल्या एका प्रयोगात वाइनशास्त्राच्या ५४ विद्यार्थ्यांना व्हाइट वाइन गंधहीन लाल रंग घालून दिली, तर त्यांनी तिचं वर्णन रेड वाइनच्या शब्दांत केलं.

६. वास घ्या

ग्लास एक तृतीयांशाहून कमी भरा. आधी न हलवता एक छोटा वास घ्या. बिघाडाचे वास इथेच पकडले जातात. मग ग्लास टेबलावरच ठेवून, देठाला धरून तीन-चार वेळा गोल फिरवा आणि दोन-तीन छोटे वास घ्या. एकच लांब श्वास ओढला तर नाक अल्कोहोलने बधिर होतं. मध्ये थांबा, स्वतःच्या मनगटाचा वास घ्या, मग परत या.

नवशिक्यांची मोठी अडचण शब्दांची. वर्णनांमध्ये ब्लॅककरंट, सीडर असले शब्द येतात, जे बहुतेकांनी कधी हुंगलेलेच नसतात. ते पाठ करू नका. आपल्या घरातले वास पुरेसे आहेत, फक्त गट लावून विचारा:

फळ आहे का? असेल तर काळं (जांभूळ, करवंद, काळी मनुका) की लाल (आलुबुखार, डाळिंब)? ताजं, की सुकवलेलं, की मुरांब्यासारखं शिजलेलं? मसाला आहे का? मिरी, लवंग, दालचिनी? हिरवं काही आहे का, चिरलेली ढोबळी मिरची, हिरवा देठ? लाकडाचं काही आहे का, व्हॅनिला, सुकं खोबरं, धूर? वय झालेलं काही आहे का, चामडं, तंबाखू, ओली माती?

यातले काही वास थेट कारणापर्यंत नेतात. ढोबळी मिरची कॅबर्नेमध्ये येते ती पायरेझिन नावाच्या रेणूंमुळे. द्राक्ष पुरतं पिकलं नाही, घडांना ऊन कमी लागलं, तर हा वास वाढतो. अमेरिकन ओकच्या पिंपातून खोबरं-व्हॅनिला जास्त येतं, फ्रेंच ओकमधून लवंग आणि धूर. शिराझमधल्या मिरीच्या वासाला रोटंडोन हा रेणू कारण आहे, आणि खऱ्या काळ्या मिरीतही तोच असतो. ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी २००८ मध्ये हे दाखवलं, आणि त्याच कामात साधारण पाचातल्या एकाला हा वास अजिबात येत नाही असंही आढळलं. तेव्हा शेजारचा 'काय मिरी आहे!' म्हणतोय आणि तुम्हाला काहीच कळत नाहीये, तर तुमचं चुकतंय असं समजू नका. खात्रीसाठी मिरीचे चार दाणे खलबत्त्यात ताजे कुटून शेजारी ठेवा.

७. तोंडात घ्या

आधी वाइनशिवाय दहा मिनिटांचा सराव करा. तीन कप घ्या. पहिल्यात बिनदुधाचा, बिनसाखरेचा चहा, दहा मिनिटं मुरवून थंड केलेला. दुसऱ्यात २०० मिलिलिटर पाण्यात अर्धं लिंबू पिळा. तिसऱ्यात कारल्याचे दोन काप तासभर भिजवलेलं पाणी. एकेक घोट तोंडात फिरवा आणि जाणवतं कुठे ते बघा. चहाने हिरड्या आणि गालाची आतली बाजू कोरडी होते, जीभ दातांवर नीट घसरत नाही: हा तुरटपणा, म्हणजे टॅनिन. लिंबाने जबड्याच्या कडांतून लाळ सुटते: हा आंबटपणा. कारल्याचं पाणी गिळल्यावर मागे रेंगाळतं: हा कडूपणा. नवशिक्याच्या तोंडी या तिन्हींना मिळून 'कडू' हा एकच शब्द असतो, आणि सगळा गोंधळ तिथूनच सुरू होतो. जिभेच्या टोकावर गोड, कडेला आंबट, मागे कडू असा जो नकाशा शाळेत पाहिला असेल तो मात्र विसरा. चवी सगळ्या जिभेला कळतात.

आता वाइन. दोन-तीन चमचे होतील एवढा घोट घ्या. चूळ भरतो तशी ती हिरड्यांपर्यंत फिरवा, ओठ किंचित उघडून थोडी हवा आत ओढा, आठ-दहा सेकंदांनी थुंका. मग क्रमाने तपासा.

*आंबटपणा:* तोंड बंद करून मान थोडी खाली घाला. लाळ किती आणि किती वेळ सुटते? दमदार रेडमध्ये आंबटपणा कमी पडला तर ती पहिल्या घोटाला गुबगुबीत आणि तिसऱ्याला कंटाळवाणी लागते.

*टॅनिन:* जीभ वरच्या पुढच्या दातांवरून आणि हिरड्यांवरून फिरवा. इथे 'किती' याइतकंच 'कसं' महत्त्वाचं. बारीक पिठासारखं पसरतं की वाळूसारखं खरखरतं? सगळीकडे सारखं लागतं की एकाच जागी पकडतं? पिकलेलं टॅनिन कोरडं करतं पण त्यामागे फळ राहतं. कच्चं टॅनिन कोरडं करतं आणि मागे फक्त हिरवट कडूपणा उरतो. पहिलं वाइनचं बळ, दुसरं तिची उणीव. तुरटपणा येतो कुठून, हे थुंकायच्या मगमध्ये दिसतं: नीट पाहिलं तर जांभळ्या, चिकट तारा आणि गुठळ्या तरंगत असतात. लाळेतली प्रथिनं टॅनिनला चिकटून साकळली आहेत. तोंडाला वंगण देणारी लाळच अशी निघून गेली की घर्षण वाढतं आणि आपण त्याला तुरट म्हणतो.

म्हणूनच टॅनिन घोटागणिक साठत जातं. पाचव्या घोटाला वाइन पहिल्यापेक्षा जास्त तुरट लागते, ती बदललेली नसते. दोन घोटांमध्ये किमान मिनिटभर थांबा, पावाचा तुकडा चावा, पाणी प्या.

*अल्कोहोल:* थुंकल्यावर तोंडाने श्वास सोडा. घशात ऊब राहिली तर ठीक, चटका बसला तर तापमान तपासा. १७ अंशांवरही चटका बसत असेल तर तोल वाइनचाच गेलेला आहे.

*बॉडी:* साईचं दूध तोंडाला पाण्यापेक्षा जड लागतं, तसला जडपणा. अल्कोहोलने तो वाढतो.

*मागची चव:* थुंकल्यावर सेकंद मोजा. फळाची, मसाल्याची चव किती टिकते ते मोजायचं, टॅनिनची कोरड नाही. पाच सेकंदांत सगळं गेलं तर साधी वाइन, वीसच्या पुढे गेलं तर चांगली.

द्राक्षाच्या हंगामात, फेब्रुवारीच्या आसपास, नाशिककडे जाणं झालं तर वायनरीत परवानगी मागून शिराझचा एक मणी खाऊन पाहा. आधी गर, मग साल चावून, मग बी चावून. बी हिरवी असेल तर तोंड आवळतं, तपकिरी असेल तर भाजलेल्या दाण्याची चव येते. बाजारातल्या बिनबियांच्या थॉमसनने हे कळत नाही.

८. बिघडलेली बाटली ओळखा

ओल्या पुठ्ठ्याचा, पावसाळ्यातल्या बंद माळ्याचा वास आणि फळ गायब: हा बुचातून येणाऱ्या टीसीए या रसायनाचा दोष. लिटरमागे काही नॅनोग्रॅम पुरतात. हवा देऊन तो जात नाही, उलट वाढतो. बाटली दुकानात परत न्या, अर्धी संपवून नव्हे.

कुजक्या अंड्याचा किंवा विझलेल्या काडीचा वास: हवा कमी मिळाल्याचा. जगात जोरात ओता, अर्धा तास द्या, बहुतेक वेळा जातो.

नेलपॉलिश रिमूव्हर, व्हिनेगर: फार असेल तर इलाज नाही. तबेल्याचा किंवा जखमेच्या पट्टीचा वास ब्रेटॅनोमायसिस या यीस्टचा. किंचित असला तर काहींना तो आवडतो, आणि त्यावर वाइनप्रेमी अजून भांडतात. फळ संपलेलं, सुकलेल्या खजुराच्या आणि सोया सॉसच्या वळणावर गेलेलं: उष्णतेने शिजलेली बाटली. आपल्याकडे हाच दोष सगळ्यांत जास्त भेटतो, आणि लोक त्यालाच 'स्ट्राँग' म्हणतात.

तळाचा गाळ आणि बुचाला चिकटलेले लालसर खडे (टार्टरिक आम्लाचे क्षार) यांनी काही बिघडत नाही.

९. सोबत काय खायचं

चाखून आणि टिपून झाल्यावरच ताट घ्या. नियम थोडेच आहेत. प्रथिनं आणि स्निग्ध पदार्थ टॅनिनला गुंतवतात, मीठ कडूपणा दाबतं. म्हणून सीख कबाब, कमी तिखटाचं सुकं मटण, मुरलेलं चेडार, तळलेलं पनीर जमतं. शाकाहारी ताटात दाण्याच्या कुटाचं आणि खोबऱ्याचं भरलं वांगं शिराझबरोबर फार छान जातं, फक्त तिखट हात राखून घाला. एक घोट, एक घास चीज, पुन्हा घोट, असं करून पाहा. दुसरा घोट मऊ लागेल.

तिखट अल्कोहोलचा चटका आणि टॅनिनची खरखर दोन्ही वाढवतं. तांबडा रस्सा आणि १४.५ टक्क्यांची शिराझ एकत्र आणलीत तर दोन्ही वाया जातील. रस्स्याबरोबर बिअर घ्या. गोडाबरोबर, मग ती पुरणपोळी असो की मिल्क चॉकलेट, ड्राय रेड आंबट आणि कोरडीठाक लागते. बांगडा, सुरमई यांच्याबरोबर तोंडात धातूसारखी, वशट चव उठते. रेड वाइनमधलं लोह त्याला कारणीभूत असतं.

१०. झाकून चाखा, टिपून ठेवा

तीन-चार जण जमले तर प्रत्येकाने एक बाटली आणा, एका बैठकीत चारच्या वर नको. बाटल्या वर्तमानपत्रात गुंडाळा, मानेसकट, आणि आकडे घाला. गुंडाळणाऱ्याने ओतू नये. क्रम माल्बेक, शिराझ, कॅबर्ने, तन्ना. उलट लावलात तर माल्बेक पाणी वाटेल.

लेबल झाकलं की काय होतं याचा गाजलेला दाखला २४ मे १९७६ चा. पॅरिसमधल्या त्या चाखणीत फ्रेंच परीक्षकांनी बोर्दोच्या नामांकित वाइनपेक्षा कॅलिफोर्नियाच्या स्टॅग्ज लीपच्या १९७३ च्या कॅबर्नेला वरचा क्रमांक दिला.

नोंदीला पाच ओळी पुरतात: द्राक्ष-जागा-साल, तापमान, आंबटपणा-टॅनिन-अल्कोहोल (कमी, मध्यम, जास्त), ओळखलेले दोन-तीन वास, आणि पुन्हा घेणार का. तापमान लिहायला विसरू नका. सहा महिन्यांनी 'ही का आवडली नव्हती' याचं उत्तर बऱ्याचदा त्याच ओळीत सापडतं. गुण देऊ नका, सुरुवातीला तरी. आकडा लिहिला की कारण लिहायचा कंटाळा येतो.

११. उरलेली वाइन

बूच किंवा झाकण लावून लगेच फ्रीजमध्ये, उभी. ओट्यावर राहिली तर दुसऱ्याच दिवशी उतरते. फ्रीजमध्ये दमदार रेड तीन-चार दिवस टिकते, आणि तन्नासारखी एखादी दुसऱ्या दिवशी जास्त बरी लागते. ३७५ मिलिलिटरची रिकामी बाटली धुऊन ठेवलेली असेल तर बाटली उघडल्या उघडल्या निम्मी तिच्यात गळ्यापर्यंत भरून झाकण लावा. आत हवाच कमी राहिल्यामुळे ती आठवडाभरही जाते.

न उघडलेल्या बाटल्या फ्रीजच्या वर, गॅसशेजारी किंवा गच्चीखालच्या माळ्यावर ठेवू नका. १२ ते १४ अंश उत्तम. ते जमणार नसेल तर घरातल्या सगळ्यांत गार भिंतीच्या कपाटात, जमिनीलगत. बुचाच्या बाटल्या आडव्या ठेवा, फिरकीच्या झाकणाच्या कशाही. मार्च ते जूनमध्ये थेट फ्रीजच्या भाजीच्या कप्प्यात ठेवल्या तरी चालतील. काही महिने तिथे राहिल्याने नुकसान होत नाही, आणि तिथून काढायच्या वेळेचं गणित तिसऱ्या पायरीत दिलंच आहे.